दक्षिणी फर सील आणि त्यांचे वर्गीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर सीलांविषयी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की गोंधळ उडतो. एकात आठ जाती असतात, दुसऱ्यात सात. एकात नाव आर्क्टोसेफॅलस असते, तर दुसऱ्यात त्याच प्राण्याचे आर्क्टोफोका. दोन्ही पुस्तके आपापल्या काळापुरती बरोबर असू शकतात. हे कसे, ते खालील उत्तरांत पाहू.

शब्दांबाबत एक खुलासा. या पानावर उतरंड कुल, प्रजाती, जाती, उपजाती अशी आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. वृत्तपत्रे 'प्रजाती' हा शब्द सरसकट दोन्हींसाठी वापरतात, इथे तसे केलेले नाही.

दक्षिणी फर सील म्हणजे नेमके कोणते प्राणी?

कानवाल्या सीलांचे ओटॅरिडी नावाचे कुल आहे. त्यातली आर्क्टोसेफॅलस ही प्रजाती म्हणजे दक्षिणी फर सील. अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ, लांब केस आणि खाली अतिशय दाट, मऊ लव. ही लव हवा धरून ठेवते, त्यामुळे गार पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. हीच लव माणसाला हवी होती, आणि या प्राण्यांच्या इतिहासातली बहुतेक वाईट प्रकरणे तिच्यामुळे घडली.

सील, समुद्रसिंह आणि फर सील यांत फरक काय?

आधी कान पाहा. बाहेरून कानाची छोटी गुंडाळी दिसली तर प्राणी ओटॅरिडी कुलातला. हे प्राणी मागचे पाय पोटाखाली वळवून जमिनीवर चारही पायांनी चालतात आणि पोहताना पुढच्या पायांनी पाणी रेटतात. 'खऱ्या' सीलांचे कुल फोसिडी. त्यांना बाहेर कान दिसत नाही, जमिनीवर ते पोटावर सरकतात आणि पाण्यात मागच्या पायांच्या जोरावर पुढे जातात. वॉलरसचे कुल तिसरे.

ओटॅरिडीमध्ये पुन्हा दोन गट सांगितले जातात. दाट लव असलेले ते फर सील आणि ती नसलेले, सहसा अंगाने मोठे ते समुद्रसिंह. डोळ्यांना पटणारी आणि कातडीच्या व्यापाऱ्याला सोयीची अशी ही विभागणी आहे. वंशावळ म्हणून मात्र ती टिकत नाही. त्याबद्दल पुढे.

एकूण जाती किती?

प्रचलित उत्तर आठ. नैर्ऋत्य आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरचा आर्क्टोसेफॅलस पुसिलस. न्यूझीलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातला आ. फोर्स्टेराय. पेरूपासून दक्षिण टोकाला वळसा घालून उरुग्वे आणि फॉकलंड बेटांपर्यंत पसरलेला आ. ऑस्ट्रॅलिस. गॅलापागोस बेटांवरचा आ. गॅलापागोएन्सिस, जो सगळ्या कानवाल्या सीलांत आकाराने लहान. चिलीच्या पश्चिमेला हुआन फर्नांडेझ बेटांवरचा आ. फिलिपाय. मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटावरचा आ. टाउनसेंडाय. दक्षिण जॉर्जिया बेटावर बहुसंख्येने राहणारा अंटार्क्टिक फर सील, म्हणजे आ. गझेला. आणि गॉफ, ॲमस्टरडॅम, मॅरियन अशा थोड्या उत्तरेकडच्या बेटांवरचा उप-अंटार्क्टिक फर सील, आ. ट्रॉपिकॅलिस.

ज्या यादीत सातच जाती दिसतात, तिथे बहुधा टाउनसेंडायला फिलिपायची उपजाती मानलेले असते.

ग्वाडालूपचा सील उत्तर गोलार्धात राहतो. मग तो 'दक्षिणी' कसा?

नाव गटाचे आहे, पत्त्याचे नाही. ग्वाडालूप बेट २९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तरी तिथल्या सीलाचा सर्वांत जवळचा नातेवाईक विषुववृत्ताच्या पलीकडे, हजारो किलोमीटर दूर हुआन फर्नांडेझवर राहतो. दोघांचे तोंड लांबट आणि निमुळते आहे, आणि डीएनएही तेच नाते दाखवतो.

आणि उत्तर पॅसिफिकमधला फर सील या गटात का नाही?

त्याची प्रजाती वेगळी आहे: कॅलोऱ्हायनस अर्सायनस. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवर त्याच्या प्रसिद्ध वसाहती आहेत. त्याचे तपशीलवार वर्णन प्रथम निसर्ग अभ्यासक जॉर्ज स्टेलरने केले. तो दर्यावर्दी व्हायटस बेरिंगच्या मोहिमेत होता, १७४१ मध्ये जहाज फुटल्यावर एका ओसाड बेटावर अडकला आणि तिथे त्याने हे प्राणी जवळून पाहिले. आज जिवंत असलेल्या कानवाल्या सीलांत ही शाखा सर्वांत आधी वेगळी झाली, यावर बहुतेक डीएनए अभ्यासांचे एकमत आहे. म्हणजे त्याचे दक्षिणी फर सीलांशी नाते जितके दूरचे, तितकेच समुद्रसिंहांशीही. लव सारखी असल्याने तो जवळचा वाटतो, इतकेच.

आर्क्टोसेफॅलस हे नाव कोणी दिले? आणि जातींची नावे इतकी विचित्र का?

प्रजातीचे नाव १८२६ चे. जोफ्रॉय सँ-इलेर आणि फ्रेडेरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते दिले. ग्रीक अर्थ 'अस्वलाच्या डोक्याचा'.

जातींच्या नावांत मात्र गंमत आहे. 'पुसिलस' म्हणजे इवलासा, आणि हा प्राणी दक्षिणी फर सीलांत सर्वांत मोठा. मोठ्या नराचे वजन ३०० किलोच्या आसपास जाते. जर्मन निसर्ग अभ्यासक श्रेबरने १७७५ मध्ये नाव दिले तेव्हा समोर प्राणी नव्हता. फ्रेंच निसर्ग अभ्यासक ब्युफाँच्या ग्रंथातले एका पिल्लाचे चित्र होते. पिल्लू लहान, म्हणून जातीचे नाव लहान.

'ट्रॉपिकॅलिस' त्याहून वरचढ. लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये ज्या कवटीवरून वर्णन केले ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याची असल्याची नोंद होती. म्हणून उष्ण कटिबंधाचे नाव. प्रत्यक्षात हा सील गार वाऱ्यांच्या, उघड्या महासागरातल्या बेटांवर राहतो. नोंद चुकली, नाव राहिले. नामकरणाच्या नियमांनुसार अर्थ चुकीचा निघाला म्हणून नाव बदलता येत नाही. आधी दिलेले नाव टिकते.

'गझेला'चा हरणाशी संबंध नाही. १८७४ मध्ये सूर्यबिंबावरून शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी 'गॅझेल' नावाचे जर्मन जहाज केर्गेलेन बेटांवर गेले होते. तिथून आलेल्या नमुन्यावरून बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी १८७५ मध्ये या जातीचे वर्णन केले. 'फोर्स्टेराय' हे कॅप्टन जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीवरचे निसर्ग अभ्यासक फोर्स्टर यांच्या नावावरून. त्यांनी १७७३ मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये हे सील पाहिले होते. 'फिलिपाय' हे चिलीतील सान्तियागोच्या संग्रहालयाचे प्रमुख फिलिपी यांच्या सन्मानार्थ, आणि 'टाउनसेंडाय' हे १८९२ मध्ये ग्वाडालूपच्या किनाऱ्यावरून कवट्या गोळा करणाऱ्या चार्ल्स टाउनसेंड यांच्यामुळे.

आठ हा आकडा कुठून आला?

१९७१ च्या एका अभ्यासातून. चार्ल्स रेपेनिंग, रिचर्ड पीटरसन आणि कार्ल हब्स यांनी जगभरच्या संग्रहालयांतल्या कवट्या मोजल्या, दाढांचे आकार ताडून पाहिले आणि आठ जाती ठरवल्या. त्याआधी परिस्थिती मोकाट होती. एकाच प्राण्याला दोन देशांत दोन नावे मिळत. ऑस्ट्रेलियातल्या फर सीलाला १९२५ मध्ये 'डोरिफेरस' नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी टास्मानियातल्या त्याच प्राण्याला 'टास्मानिकस'. रेपेनिंग आणि सहकाऱ्यांनी ही दोन्ही नावे आफ्रिकेच्या पुसिलसखाली आणली.

या कामाचे वजन आजही आहे. पुढच्या काळात डीएनए हाती आला, तरी जातींच्या सीमा बहुतेक त्यांनी आखल्या तशाच राहिल्या. कोलमडली ती त्यांच्या वरची पातळी, म्हणजे प्रजाती. माझ्या मते वर्गीकरणाच्या या सगळ्या भांडणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे: 'हा प्राणी कोण' याबद्दल वाद थोडा आहे, 'त्याचे नातेवाईक कोण' याबद्दल फार.

गझेला आणि ट्रॉपिकॅलिस एकच आहेत असे पूर्वी का मानत?

कारण बेटे लांब, नमुने थोडे आणि पाहणारे त्याहून थोडे. १९५९ मध्ये ब्रिटनच्या ज्युडिथ किंग यांनी दोघांना एकाच जातीच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उपजाती म्हणून मांडले होते. उपलब्ध पुराव्यावर ते अवाजवी नव्हते.

पण प्राणी शेजारी शेजारी पाहिले की फरक लपत नाही. ट्रॉपिकॅलिसची छाती आणि चेहरा फिकट पिवळसर असतो, आणि नराच्या डोक्यावर केसांचा तुरा उभा राहतो. गझेला करडा-तपकिरी, आणि दक्षिण जॉर्जियावर हजारात एखादा फिकट, मधाच्या रंगाचा जन्मतो. गझेलाच्या दाढा अगदी बारीक असतात. दक्षिण जॉर्जियाच्या भागात त्याचे मुख्य अन्न क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव.

सर्वांत बोलका फरक पिल्लांच्या संगोपनात आहे. गझेलाची मादी पिल्लाला सुमारे चार महिने पाजते आणि समुद्रात निघून जाते, कारण तिथला उन्हाळा तेवढाच. ट्रॉपिकॅलिसची मादी सुमारे दहा महिने पाजते. आणि मॅरियनसारख्या बेटावर, जिथे दोन्ही जाती एकाच किनाऱ्यावर वितात, तिथेही प्रत्येक जात आपलेच वेळापत्रक पाळते. समुद्र तोच, मासे तेच, तरी एकीचे पिल्लू चार महिन्यांत सुटे आणि दुसरीचे हिवाळाभर किनाऱ्यावर. कवटी न मोजताही या दोन वेगळ्या जाती आहेत हे इथे दिसते. गॅलापागोसची मादी तर दोन-दोन वर्षेही पाजते.

पण या जातींत संकर होतो असे वाचले. मग त्या वेगळ्या जाती कशा?

याचे उत्तर शोधायला मॅक्वारी बेटासारखी जागा नाही. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या या बेटाचा शोध १८१० मध्ये लागला आणि साधारण दशकभरात शिकाऱ्यांनी तिथले फर सील संपवले. इतके संपवले, की मुळात तिथे कोणती जात होती हे आज खात्रीने सांगता येत नाही. रिकाम्या बेटावर विसाव्या शतकात पुन्हा सील येऊ लागले, पण तीन दिशांनी, तीन जातींचे: गझेला, ट्रॉपिकॅलिस आणि फोर्स्टेराय. आले तेव्हा थोडेच होते. आपल्या जातीचा जोडीदार मिळेना, तेव्हा संकर झाला. मॅक्वारीवरच्या पिल्लांच्या डीएनए तपासणीत संकरित पिल्लांचे प्रमाण लक्षणीय निघाले.

तरीही जाती मिसळून एकजीव झाल्या नाहीत. संकरित नर किनाऱ्यावर स्वतःचा ताबा बसवतात, माद्याही त्यांच्या हद्दीत वितात, पण पितृत्व तपासले तेव्हा या नरांची पिल्ले शुद्ध जातीच्या नरांच्या मानाने कमी भरली. संकरितांची ओरड दोन्ही पालकजातींच्या मधली असते, म्हणून माद्या त्यांना टाळत असाव्यात असा एक अंदाज आहे.

दोन जातींत कधीच संकर होत नाही, हा नियम शाळेत सोपा करून सांगितला जातो. सीलांनी तो वाचलेला नाही. वर्गीकरण करणारे आज विचारतात ते असे: संकर होऊनही दोन्ही बाजू आपापली ओळख टिकवतात का? मॅक्वारीवर, आतापर्यंत तरी, टिकवतात.

फर सील आणि समुद्रसिंह ही विभागणी चुकीची म्हणजे कशी?

जुन्या पुस्तकांत ओटॅरिडीची दोन उपकुले असत: लव असलेल्यांचे आर्क्टोसेफॅलिनी आणि लव नसलेल्यांचे ओटॅरिनी. गृहीतक असे, की लव ज्यांना आहे ते सगळे एका पूर्वजाचे. २००१ मध्ये लुईस वायनेन आणि सहकाऱ्यांनी बहुतेक सर्व जातींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा डीएनए) तपासला तेव्हा हे चित्र जुळेना. उत्तर पॅसिफिकचा फर सील एकदम बाजूला, मुळाशी. आणि दक्षिणेचे समुद्रसिंह, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा, ऑस्ट्रेलियाचा आणि न्यूझीलंडचा, हे उत्तरेच्या समुद्रसिंहांपेक्षा दक्षिणी फर सीलांनाच जवळचे.

याचा अर्थ दाट लव ही सगळ्या कानवाल्या सीलांची जुनी ठेव असावी आणि समुद्रसिंहांच्या शाखांनी ती सोडून दिली असावी, तीही एकाहून अधिक वेळा. ज्यांनी लव राखली ते फक्त राखल्यामुळे एक कुटुंब होत नाहीत. वर्गीकरणात सामायिक जुनी खूण नाते सिद्ध करत नाही, सामायिक नवी खूण करते.

मग आर्क्टोफोका हे काय प्रकरण?

२०१२ च्या सुमारास ॲनालिसा बेर्टा आणि मॉर्गन चर्चिल यांनी जगातल्या सगळ्या सीलांच्या नावांचा आढावा घेतला. त्यांचे म्हणणे सरळ होते. पुसिलस ही जात बाकीच्या दक्षिणी फर सीलांच्या घोळक्यात बसत नाही. तिच्यात आणि त्यांच्यात समुद्रसिंह येऊन बसतात. म्हणजे सगळ्यांना एकाच प्रजातीत ठेवणे म्हणजे मधल्या भावंडांना वगळून कुटुंब मोजणे.

आता नियम असा, की प्रजात तोडली तर नाव तिच्या आदर्श जातीकडे, म्हणजे ज्या जातीला ते नाव नियमाने बांधलेले असते तिच्याकडे जाते, आणि आर्क्टोसेफॅलसची आदर्श जात पुसिलस आहे. म्हणून आर्क्टोसेफॅलस हे नाव एकट्या पुसिलसला राहिले. बाकीच्यांसाठी त्यांनी १८६६ चे एक जुने नाव बाहेर काढले. पीटर्स यांनी हुआन फर्नांडेझच्या सीलाचे वर्णन करताना वापरलेले आर्क्टोफोका. त्याच आढाव्यात फोर्स्टेरायला ऑस्ट्रॅलिसची आणि टाउनसेंडायला फिलिपायची उपजाती केले गेले.

सागरी सस्तन प्राण्यांच्या नावांची अधिकृत मानली जाणारी यादी सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजीची समिती ठेवते. तिने हा बदल स्वीकारला आणि २०१३ मध्ये मागे घेतला. कारण असे, की वेगवेगळ्या अभ्यासांतली वंशवृक्षाची चित्रे एकमेकांशी जुळत नव्हती, आणि अशा अवस्थेत नावे हलवली तर पुन्हा हलवावी लागण्याची भीती होती. फोर्स्टेराय पुन्हा स्वतंत्र जात झाली. टाउनसेंडाय मात्र उपजातीच राहिली. म्हणून दोन-तीन वर्षांच्या काळातल्या लेखनात आर्क्टोफोका दिसते आणि त्याच्या आधी-नंतर फारसे दिसत नाही.

समितीवर 'धरसोड' अशी टीका झाली तर ती अगदीच अन्यायाची नाही. पण माघार घेणे योग्य होते असे मला वाटते. पुराव्याने जुनी प्रजात मोडता येते हे दाखवले होते, नवी नीट कशी बांधायची हे अजून दाखवले नव्हते.

डीएनएने प्रश्न मिटायला हवा होता. तो वाढला कसा?

कारण या गटाचा पूर्वज विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला आला आणि मग, भूगर्भशास्त्राच्या मापाने पाहता, क्षणात अनेक शाखांत फुटला. बहुतेक फाटे गेल्या काही दशलक्ष वर्षांत, एकमेकांच्या अगदी पाठोपाठ फुटले.

अशा वेळी काय होते? पूर्वजाच्या घोळक्यात एखाद्या जनुकाची समजा चार रूपे आहेत. घोळका दुभंगला, पण चारही रूपे दोन्ही बाजूंना गेली. ती छाटली जाऊन एकेक उरण्याआधीच पुढचा फाटा फुटला. आता कोणत्या शाखेत शेवटी कोणते रूप टिकले हे योगायोगावर ठरते. परिणाम असा, की एक जनुक विचारला तर पुसिलस समुद्रसिंहांजवळ दिसतो, दुसरा विचारला तर फर सीलांजवळ. दोन्ही जनुक खरे बोलत असतात, फक्त आपापल्या इतिहासाबद्दल. याला शाखांची अपूर्ण छाटणी म्हणता येईल. वर संकरामुळे जनुकांची उसनवारी झाली असेल तर गुंता आणखी.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो आणि एकगठ्ठा येतो, म्हणजे साक्षीदार एकच. २०२१ मध्ये जवळजवळ सगळ्या कानवाल्या सीलांचे संपूर्ण जनुकसंच तपासणारा अभ्यास आला. जनुकांतली ही विसंगती मुख्यतः झपाट्याने झालेल्या फाटाफुटीमुळे आहे आणि संकराचा वाटा त्यामानाने कमी, असा त्याचा निष्कर्ष. आणि आर्क्टोसेफॅलस ही नैसर्गिक, म्हणजे एका पूर्वजाच्या सगळ्या वंशजांची प्रजात नाही, हेही त्याने पुन्हा ठामपणे मांडले. थोडक्यात बेर्टा-चर्चिल यांची मूळ तक्रार खरी ठरली. नावे कशी लावायची याची फेरतपासणी त्यातून पुन्हा सुरू झाली आहे.

पेरूच्या फर सीलाबद्दल वेगळे काय सांगितले जाते?

दक्षिण अमेरिकी फर सीलांची पॅसिफिककडची पेरूमधली शाखा अटलांटिककडच्या भाऊबंदांपेक्षा जनुकांनी बरीच वेगळी आहे. बराच काळ तिला नाव न दिलेली उपजाती म्हणून नोंदले जात होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंच-अभ्यासाने त्याहून पुढचा दावा केला: ही शाखा सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकी आणि गॅलापागोस फर सीलांच्या संकरातून जन्माला आली आणि नंतर स्वतंत्रपणे वाढली. सस्तन प्राण्यांत संकरातून नवी जात निर्माण होण्याची उदाहरणे दुर्मीळ आहेत. मॅक्वारीवर संकर हरताना दिसतो आणि पेरूत तो जिंकलेला दिसतो. एकाच गटात दोन्ही.

आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात अख्खा हिंदी महासागर आहे. तिथे एकच जात कशी?

दोन उपजाती आहेत: आफ्रिकेची पुसिलस पुसिलस, ऑस्ट्रेलियाची पुसिलस डोरिफेरस. कवट्या आणि डीएनए दोन्ही इतके जवळचे आहेत की ताटातूट भूगर्भीय हिशेबाने अलीकडची असली पाहिजे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे आणि प्रवाह लक्षात घेता काही सील आफ्रिकेकडून ऑस्ट्रेलियाला पोहोचले असावेत.

न्यूझीलंडचा आणि दक्षिण अमेरिकेचा फर सील एकच का मानला गेला?

मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये दोघे फार जवळ येतात, म्हणून. पण कवटी वेगळी, नरांची ओरड वेगळी. सध्या ते वेगळेच मानतात. ऑस्ट्रेलियात न्यूझीलंड फर सीलाला आता 'लांब नाकाचा फर सील' म्हणतात, न्यूझीलंडमध्ये माओरी नाव केकेनो प्रचलित आहे. तिन्ही नावे एकाच प्राण्याची.

शिकारीचा वर्गीकरणाशी काय संबंध?

फार मोठा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून काही दशकांत दक्षिण समुद्रातली एकेक वसाहत रिकामी होत गेली. दक्षिण शेटलंड बेटे १८१९ मध्ये सापडली. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत तिथे सुमारे ३,२०,००० कातडी काढली गेली, असा अंदाज त्या समुद्रात फिरलेल्या जेम्स वेडेलने दिला आहे. त्यानंतर तिथे शिकार करण्याइतके सील उरले नाहीत.

कातडी गेली, कवट्या किनाऱ्यावर कुजल्या. संग्रहालयांत पोहोचले ते मूठभर. म्हणजे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ ज्या काळात जातींना नावे देत होते, त्या काळात पाहायला प्राणीच नव्हते. हुआन फर्नांडेझचा सील तर नामशेष समजला गेला होता, तो १९६५ मध्ये पुन्हा सापडला. ग्वाडालूपच्या सीलाचे दोन नर १९२८ मध्ये सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात आले, मग तो पुन्हा दिसेनासा झाला, आणि १९५४ मध्ये कार्ल हब्स यांना बेटावर १४ प्राणी आढळले. हे तेच हब्स, ज्यांचे नाव १९७१ च्या अभ्यासावर आहे.

दुसरा परिणाम डीएनएत आहे. थोड्या जिवांतून पुन्हा वाढलेल्या वसाहतींत पूर्वीची जनुकीय विविधता पूर्ण उरत नाही. मधले दुवे, दोन जातींच्या सीमेवरच्या वसाहती गेल्या असतील, तर आज जी स्पष्ट दरी दिसते ती काही अंशी शिकाऱ्यांनी खणलेली असू शकते. वर्गीकरणाच्या चर्चेत ही शक्यता पुरेशी मोठ्याने बोलली जात नाही असे माझे मत आहे.

जीवाश्मांनी मदत होत नाही का?

थोडी. कानवाल्या सीलांचे सर्वांत जुने जीवाश्म उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर सापडतात, त्यामुळे गटाचे मूळ उत्तरेचे आणि दक्षिणेतली वस्ती नंतरची, हे पक्के झाले. पेरूत सापडलेला हायड्रार्क्टोस हा दक्षिणेतला एक जुना फर सील. पण जातींच्या आपसांतल्या नात्याचा निकाल लागेल इतके दक्षिणेतले जीवाश्म नाहीत.

नाव बदलल्याने प्रत्यक्षात काय बिघडते?

कायदे नावांवर चालतात. अंटार्क्टिक सीलांच्या संरक्षणाचा करार १९७२ मध्ये लंडनमध्ये झाला. त्यात दक्षिणी फर सील 'आर्क्टोसेफॅलस प्रजातीतले' अशा शब्दांत संरक्षित आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात टाउनसेंडाय दीर्घकाळ पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात होता आणि बाकीचे आर्क्टोसेफॅलस दुसऱ्या परिशिष्टात. आता टाउनसेंडाय ही फिलिपायची उपजाती मानली आणि प्रजातीचे नाव आर्क्टोफोका झाले, तर जुन्या मजकुराचा अर्थ कसा लावायचा? संरक्षण रातोरात उडून जात नाही, अशा बदलांसाठी याद्यांची व्यवस्था असते. पण कागद दुरुस्त होईपर्यंत सीमाशुल्काच्या टेबलावर गोंधळ नक्की होतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची धोक्यातल्या जातींची लाल यादी ग्वाडालूपच्या सीलाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करते. जात म्हणा वा उपजाती, ते बेट वेगळे सांभाळावेच लागणार.

मी लिहिताना कोणते नाव वापरू?

आर्क्टोसेफॅलस. आठ जाती लिहिल्या तरी चालते. ग्वाडालूपच्या सीलाबाबत 'काही याद्यांत उपजाती' एवढी टीप पुरे. आर्क्टोफोका असे लिहिलेला मजकूर उद्धृत करायचा असेल तर ते नाव तसेच ठेवा आणि शेजारी आजचे नाव द्या. जातीचा शब्द, म्हणजे गझेला, फोर्स्टेराय, ऑस्ट्रॅलिस, दोन्हीकडे तोच असल्याने प्राणी ओळखायला अडचण येत नाही.